एक दिवस बक्षीस, वर्षभर पट्टा : स्कॉट्स भाषा आणि प्राथमिक शाळा



मागच्या काही भागांत आपण किल्ले, मोहिमा आणि तह यांच्याविषयी बोललो. आज मी तुम्हाला स्कॉटलंडच्या प्राथमिक शाळांत घेऊन जाणार आहे. निवृत्त फौजी माणसाला पहिली-दुसरीच्या वर्गात काय काम, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर देहरादूनला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१९८३ साली आमची तुकडी भारतीय सैन्य अकादमीतून बाहेर पडली. दीक्षांत संचलनाच्या शेवटी कॅडेट संथ चालीत चेटवुड इमारतीच्या पायऱ्या चढतात, 'अंतिम पग' ओलांडतात आणि अधिकारी होतात. त्या वेळी बँडवर एक धून वाजते, 'ऑल्ड लँग साइन'. पुढे नोकरीत किती निरोप समारंभांत ती ऐकली, याची गणती नाही. आपल्याकडे ती केवळ फौजेत आहे असंही नाही. रवींद्रनाथांनी याच चालीवर 'पुरानो शेइ दिनेर कथा' हे गाणं बांधलं आणि ते बंगालमध्ये आजही घराघरांत म्हटलं जातं. पण या तीन शब्दांचा अर्थ काय, ते कुठल्या भाषेतले, हा प्रश्न मला पस्तीस वर्षांत एकदाही पडला नाही. जुन्या वळणाचं इंग्रजी असेल, असं मी धरून चाललो होतो.

माझी चूक सुधारली ती सात वर्षांच्या नातीनं. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त ॲबर्डीनला होते. आम्ही दोघं एका जानेवारीत तिकडे गेलो होतो. नात प्रायमरी थ्रीमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या दुसरीच्या वयाची. मी गुणगुणत होतो ते ऐकून ती म्हणाली, "आबा, ते इंग्लिश नाहीये. ते स्कॉट्स आहे. 'ऑल्ड' म्हणजे जुनं, 'लँग' म्हणजे लांब, 'साइन' म्हणजे तेव्हापासून." म्हणजे फार पूर्वीचे दिवस. चाळीस वर्षांपूर्वी ज्या धुनेवर मी पाय टाकला, तिचा अर्थ मला एका पोरीकडून कळला आणि तिला तो शाळेत शिकवला होता.

शेजारचे आजोबा

जानेवारी महिना तिथल्या शाळांत स्कॉट्स कवितेचा महिना असतो. नाताळची सुट्टी संपली की बाई मुलांच्या दप्तरातून एक कागद घरी पाठवतात. त्यावर एक छोटी स्कॉट्स कविता असते. ती पाठ करायची आणि वर्गात म्हणून दाखवायची. नातीच्या कागदावर जे. के. ॲनंड यांची कविता होती. ॲनंड स्वतः शाळामास्तर. मुलांसाठी त्यांनी स्कॉट्समध्ये पुष्कळ लिहिलं, आणि १९६५ साली आलेला त्यांचा बालकवितांचा संग्रह शाळांत अजून वापरला जातो.

घरात अडचण अशी की उच्चार सांगणार कोण? आई-वडील पुण्याचे, आजी-आजोबा साताऱ्याकडचे. शेवटी नात कागद घेऊन शेजारी गेली. तिथे ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ एकटे राहत. हयात मासेमारीच्या बोटीवर गेलेली. त्यांनी चष्मा लावला, कागद हातात धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तिला एकेक शब्द म्हणून दाखवला. मध्येच थांबून म्हणाले, "हे एडिंबराकडचं आहे. आमच्याकडे असं म्हणत नाहीत," आणि आपल्या पद्धतीनं तीच ओळ पुन्हा म्हटली.

नंतर चहा घेताना त्यांनी मला जे सांगितलं, ते ऐकून आजचा हा विषय मनात बसला. त्यांच्या भागात 'काय' या अर्थी 'फिट' म्हणतात. इंग्रजीत जिथे 'व्हॉट', तिथे 'फिट'. ते सहा-सात वर्षांचे असताना बाईंच्या प्रश्नावर त्यांच्या तोंडून 'फिट?' गेलं. हातावर चामड्याचा पट्टा बसला. त्याच वर्षी जानेवारीत त्याच वर्गात रॉबर्ट बर्न्सची कविता चांगली म्हटली म्हणून त्यांना पुस्तक बक्षीस मिळालं. "कविता माझ्या आईच्याच भाषेत होती," ते म्हणाले. "एक दिवस बक्षीस, बाकी वर्षभर पट्टा. आणि आज ही पोरगी शाळेच्या कागदावर आमचे शब्द छापून घेऊन येते."

मंडळी, एका भाषेचा तीनशे वर्षांचा इतिहास या चार वाक्यांत आला. आता तो जरा क्रमवार पाहू.

ही भाषा आली कुठून?

प्रथम एक गोंधळ दूर करू. स्कॉटलंडमध्ये तीन भाषा आहेत. एक इंग्रजी. दुसरी गेलिक, ती आयरिश भाषेची बहीण, मुख्यतः उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर बोलली जाणारी. तिसरी स्कॉट्स, ही सखल प्रदेशाची, पूर्व किनाऱ्याची आणि उत्तरेकडल्या ऑर्कनी-शेटलंड बेटांचीही. गेलिकचा इंग्रजीशी जवळचा संबंध नाही. स्कॉट्सचा आहे आणि तिचं दुखणं तिथेच आहे.

इंग्रजी आणि स्कॉट्स या दोघींचं मूळ जुन्या अँग्लो-सॅक्सन बोलींत. एक फांदी दक्षिणेत वाढून लंडनची इंग्रजी झाली, दुसरी उत्तरेत वाढून स्कॉट्स झाली. दोघी एकाच आजीच्या नाती म्हणा. उत्तरेकडच्या नातीनं काही जुने उच्चार जपले. इंग्रजीत 'नाइट' लिहिताना मधली दोन अक्षरं मुकी असतात. स्कॉट्समध्ये त्याच शब्दाचा उच्चार 'निख्त' होतो, 'लाइट'चा 'लिख्त'. घशातला हा 'ख' आपल्याला सहज जमतो, लंडनच्या माणसाला जमत नाही.

आणि ही केवळ बाजारातली बोली नव्हती. बॅनकबर्नची लढाई १३१४ सालची. रॉबर्ट ब्रूसनं तिथे इंग्लंडच्या फौजेला धूळ चारली. या ब्रूसवर 'द ब्रूस' नावाचं दीर्घ काव्य १३७५ च्या सुमारास जॉन बार्बर यांनी याच भाषेत रचलं. हे बार्बर ॲबर्डीनच्या चर्चमधले मोठे अधिकारी. पंधराव्या शतकात स्कॉटलंडच्या संसदेचे कायदे स्कॉट्समध्ये लिहिले जात. १५१३ साली गॅव्हिन डग्लस यांनी व्हर्जिलचं 'ईनिड' हे लॅटिन महाकाव्य पूर्ण स्कॉट्समध्ये आणलं आणि आपण 'स्कॉटिस' भाषेत लिहीत आहोत असं नाव घेऊन सांगितलं. दरबार, कायदा, काव्य, व्यापार, सगळं चालवणारी ती एका स्वतंत्र राज्याची भाषा होती.

राजा लंडनला गेला

मग घसरण कुठे सुरू झाली? पहिला धक्का धर्माकडून आला. १५६० साली स्कॉटलंडनं प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला आणि प्रत्येकानं बायबल स्वतः वाचावं असा आग्रह सुरू झाला. पण छापील बायबल होतं ते इंग्रजीत. स्कॉट्समध्ये ते छापलंच गेलं नाही. देव रविवारी इंग्रजी बोलू लागला.

दुसरा धक्का राजकीय. सहावा जेम्स हा स्कॉटलंडचा राजा. १५८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, स्कॉट्स काव्य कसं लिहावं याचे नियम त्यानं स्कॉट्समध्येच लिहून छापले. हाच राजा १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर बसला आणि लंडनला गेला. पुढच्या बावीस वर्षांत तो मायदेशी एकदाच आला, १६१७ साली. राजा गेला तसा दरबार गेला, दरबाराबरोबर कवींचा आश्रय गेला. १७०७ साली दोन्ही देशांच्या संसदा एक झाल्या आणि कायद्याचं कामही लंडनला गेलं.

यानंतर जे झालं ते कुणी सक्तीनं केलं नाही. एडिंबराचे विद्वान, वकील, पाद्री यांना आपल्याच जिभेची लाज वाटू लागली. डेव्हिड ह्यूम यांच्यासारख्या जगप्रसिद्ध तत्त्वज्ञानं आपल्या लिखाणात येऊ नयेत अशा स्कॉट्स शब्दप्रयोगांची यादी केली. १७६१ साली टॉमस शेरिडन नावाचा आयरिश नट एडिंबराला आला आणि शुद्ध इंग्रजी उच्चारांवर त्यानं व्याख्यानं दिली. ती ऐकायला शहरातली बडी मंडळी पैसे भरून बसली.

आणि त्याच काळात एअरशरच्या एका शेतकऱ्याच्या घरात रॉबर्ट बर्न्स वाढत होता. जन्म २५ जानेवारी १७५९. १७८६ साली किलमार्नॉकला त्याचा कवितासंग्रह छापला आणि ज्या भाषेची लाज वाटत होती, तिच्यातल्या कवितांना एडिंबराच्या दिवाणखान्यांनी डोक्यावर घेतलं. १७९६ साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो गेला. पाच वर्षांनी त्याच्या मित्रांनी त्याच्या जन्मघरी जेवण ठेवलं. आज जगभर होणाऱ्या 'बर्न्स सपर'ची ती सुरुवात. म्हणजे भाषा जेवणाच्या टेबलावर मानानं बसली, पण कचेरीच्या आणि शाळेच्या दाराबाहेरच राहिली.

शाळेचा पट्टा

स्कॉटलंडला आपल्या शाळांचा फार अभिमान आहे आणि तो रास्त आहे. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या गावगाड्यात, शाळा हवी असा कायदा तिथे १६९६ सालीच झाला होता. १८७२ च्या कायद्यानं पाच ते तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण सक्तीचं झालं. गरिबाचं पोर शाळेत आलं, ही मोठी गोष्ट. पण त्या शाळेची भाषा इंग्रजी होती. मूल घरून जी भाषा घेऊन येई, तिला तिथे 'वाईट इंग्रजी' म्हणत.

गेलिक बोलणाऱ्या मुलाला निदान कळत होतं की आपली भाषा वेगळी आहे. स्कॉट्स बोलणाऱ्या मुलाला सांगितलं जाई की तुझी भाषाच नाही, तू चुकतो आहेस. 'हूस' म्हटलं तर घर चुकलं, 'कू' म्हटलं तर गाय चुकली. शिक्षेचं साधन म्हणजे टॉझ, टोकाला फाटे असलेला जाड चामड्याचा पट्टा. फाइफ परगण्यातल्या लॉखगेली गावचे पट्टे इतके नामांकित होते की मुलं पट्ट्यालाच 'लॉखगेली' म्हणत.

ही काही फार जुनी गोष्ट नाही. १९४६ साली प्राथमिक शिक्षणावरच्या सरकारी सल्लागार मंडळानं अहवालात लिहिलं की स्कॉट्स ही सुशिक्षितांची भाषा कुठेच नाही आणि शिक्षणाचं किंवा संस्कृतीचं माध्यम होण्याजोगी ती नाही. आमचे शेजारचे आजोबा त्याच सुमाराला शाळेत गेले. सरकारी शाळांतला पट्टा बंद झाला १९८७ साली. म्हणजे मी कॅप्टन होतो तोवर तो चालू होता.

फौजेत आम्ही शिकलो की जिंकलेला मुलूख राखायचा तर तिथल्या माणसाचं मन राखावं लागतं. शाळेनं नेमकं उलटं केलं. मुलाला इंग्रजी यावी हे योग्यच होतं, त्याशिवाय नोकरी नव्हती. पण इंग्रजी देताना आईचं बोलणं अडाणीपणाचं आहे, असंही त्याला शिकवलं. त्याचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या टिकला. २०१० साली स्कॉटिश सरकारनं लोकमत पाहणी केली. बहुसंख्य लोक म्हणाले, आम्ही स्कॉट्स बोलतो. आणि त्याच पाहणीत ६४ टक्के म्हणाले की ही भाषा वगैरे काही वाटत नाही, ती फक्त बोलण्याची एक पद्धत आहे. रोज बोलतात, पण भाषा मानत नाहीत. पट्ट्याचा वळ हातावरून गेला, मनावर राहिला.

आपल्याकडे आलेले स्कॉट

इथे थोडं थांबून आपल्या मुलखाकडे पाहू, कारण या गोष्टीचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो.

ॲबर्डीनहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर बॅन्फ नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. १७८९ साली तिथे जेम्स ग्रँट डफ जन्मला. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी कंपनीचा अधिकारी म्हणून राहिलेला आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिणारा तोच हा ग्रँट डफ. तो ज्या भागात वाढला, तिथली बोली म्हणजे 'फिट' म्हणणारी उत्तर-पूर्वेची स्कॉट्स. तिला 'डोरिक' म्हणतात. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉट. त्यांच्या कारकिर्दीत मराठी पाठ्यपुस्तकांना चालना मिळाली. त्यांच्यानंतरचे सर जॉन माल्कम हेही स्कॉट. मिशनरी जॉन विल्सन सीमेलगतच्या लॉडर गावचे. ते १८२९ साली मुंबईला आले, मराठी शिकले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनीही मराठी आत्मसात करून मुलींच्या शाळा काढल्या.

यामागे राज्यकारभार आणि धर्मप्रसार हे हेतू होते, ते विसरायचं कारण नाही. पण लहान मूल त्याच्या भाषेतूनच शिकतं, हे या माणसांना मुंबईत पटलं होतं. ज्यांच्या मायदेशात मुलाच्या तोंडची भाषा शाळेबाहेर ठेवली जात होती, त्यांच्यातलेच काही आपल्या मुलांना मराठीतून धडे देत होते. स्वतःच्या घरातला प्रश्न दुसऱ्याच्या घरात लवकर दिसतो, एवढंच म्हणतो.

माल्कम हे लँगहोम गावाजवळचे. गावावरच्या व्हिटा टेकडीवर त्यांच्या स्मरणार्थ उंच दगडी स्तंभ आहे. त्याच टेकडीवर उघड्या पुस्तकाच्या आकाराचं एक धातूचं स्मारक आहे. ते कवी ह्यू मॅकडायरमिड यांचं. त्यांचा जन्मही लँगहोमचाच, १८९२ चा. याच मॅकडायरमिडनी विसाव्या शतकात स्कॉट्सला नव्या कवितेची भाषा म्हणून उभं केलं. एका टेकडीवर आपल्या इलाख्याचा गव्हर्नर आणि त्यांच्या भाषेचा पुनरुद्धारक. इतिहास कधीकधी अशी शेजारपणं जुळवतो.

परतीची वाट

मॅकडायरमिड आणि त्यांच्या पिढीनं साहित्य उभं केलं. कोशकारांनी पाया घातला. जॉन जेमिसन या पाद्र्यानं १८०८ सालीच स्कॉट्सचा व्युत्पत्तिकोश काढला होता. पुढे 'स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी'चे दहा खंड १९३१ ते १९७६ या काळात निघाले. १९८३ साली विल्यम लॉरिमर यांचा बायबलच्या नव्या कराराचा स्कॉट्स अनुवाद आला. चारशे वर्षांची चूक दुरुस्त झाली. पण कोश आणि बायबल मोठ्यांचे. भाषा जगायची असेल तर ती सहा वर्षांच्या पोराच्या तोंडात हवी. आणि त्या पोराच्या हातात द्यायला पुस्तकंच नव्हती.

ती उणीव २००२ साली भरून येऊ लागली. जेम्स रॉबर्टसन आणि मॅथ्यू फिट या दोन लेखकांनी 'इची कू' नावाची मुलांच्या स्कॉट्स पुस्तकांची मालिका सुरू केली. रोआल्ड डाल स्कॉट्समध्ये आला, 'ग्रफलो' आला. ग्रफलोच्या तर डोरिक, डंडी, ऑर्कनी, शेटलंड अशा वेगवेगळ्या बोलींतल्या आवृत्त्या निघाल्या. २०१७ साली फिट यांनी हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक स्कॉट्समध्ये आणलं. त्यात झाडूवर बसून खेळायच्या खेळाचं नाव 'बिझमबॉ' आहे, कारण 'बिझम' म्हणजे खराटा आणि 'बॉ' म्हणजे चेंडू. हे वाचून कुठलंही मूल हसेल.

सरकारही हललं. २००१ साली ब्रिटननं प्रादेशिक भाषांविषयीचा युरोपीय करार मान्य केला, त्यात स्कॉट्सला भाषा म्हणून जागा मिळाली. २०१० पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमानं शिक्षकांना वर्गात स्कॉट्स आणायला वाट दिली. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्कॉट्सविषयी प्रश्न विचारला गेला. त्याआधी एक संकेतस्थळ काढावं लागलं. तिथे स्कॉट्सचे नमुने ऐकून-वाचून लोकांनी ठरवायचं की आपल्याला ही भाषा येते का! पंधरा लाख लोकांनी लिहिलं, बोलता येते. २०२२ मध्ये बोलणारे साधारण तितकेच राहिले, पण समजणं, वाचणं, लिहिणं यांपैकी काही ना काही येणारे चोवीस लाखांवर गेले. देशाची लोकसंख्या तेव्हा चौपन्न लाखांच्या आसपास होती. आणि जून २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेनं गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा संमत केला.

वर्गात काय चालतं?

तीस नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूज डे, म्हणजे त्यांच्या रक्षक संताचा दिवस. तिथपासून पंचवीस जानेवारीच्या बर्न्स नाइटपर्यंत शाळांत एक हंगामच असतो. व्यायामाच्या तासाला मुलांना 'केली' नाच शिकवतात, 'गे गॉर्डन्स', 'स्ट्रिप द विलो' वगैरे. रांगा, जोड्या, फिरक्या. नातीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. मुलगे-मुली एकमेकांचा हात धरायला लाजत होते, आणि बाई गंभीर चेहऱ्यानं ताल मोजत होत्या. आमच्या ड्रिल उस्तादांची आठवण झाली.

बर्न्सच्या दिवशी जेवणात हॅगिस. मेंढीचं काळीज-यकृत, ओट आणि मसाला यांचा तो पदार्थ, सोबत 'नीप्स' आणि 'टॅटीज', म्हणजे कुस्करलेले सलगम आणि बटाटे. शाकाहारी मुलांसाठी डाळ-ओटचं हॅगिस असतं, ते आमच्या सौभाग्यवतींना चक्क आवडलं. बॅगपाइपच्या सुरात हॅगिसचं ताट सभागृहात येतं. सातवीच्या वर्गातला एखादा मुलगा त्याला उद्देशून बर्न्सची प्रसिद्ध कविता म्हणतो. मग कविता पाठांतराची स्पर्धा. रॉबर्ट बर्न्स वर्ल्ड फेडरेशन आणि ठिकठिकाणची बर्न्स मंडळं अशा शालेय स्पर्धा वर्षानुवर्षं भरवत आली आहेत.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते रोजचं काम. नातीच्या वर्गात भिंतीवर एक माणूस रंगवलेला होता आणि त्याच्या अवयवांना शब्द चिकटवलेले होते. 'हीड' म्हणजे डोकं, 'लग' म्हणजे कान, 'नेब' म्हणजे नाक, 'ऑक्स्टर' म्हणजे काख. दारापाशी हवामानाचा तक्ता. बाहेर ढगाळ, ओलं, कंटाळवाणं असलं की मुलं 'ड्रीख' हा शब्द लावत. त्या जानेवारीत तो तक्ता फारसा बदलावा लागला नाही. आणि बाईंनी मुलांना सांगितलं होतं की आजी-आजोबांना विचारून घरातला एक शब्द आणा. कुणी 'लून' आणला, कुणी 'क्वाइन', म्हणजे मुलगा आणि मुलगी. वर्गात पोलंडहून आलेली मुलं होती, केरळची होती. त्यांनीही आपल्या घरचा शब्द आणला. माझ्या नातीनं आणला 'खराटा', आणि तो 'बिझम'च्या शेजारी लागला.

सगळं छान आहे असं नाही

मी तुम्हाला एकतर्फी चित्र दाखवणार नाही. तिथे वादही आहेत.

पहिला वाद लेखनाचा. स्कॉट्सचं एकच मान्य शुद्धलेखन नाही. ॲबर्डीनचं मूल आणि ग्लासगोचं मूल एकच शब्द वेगळा लिहील. मग बाईंनी चूक-बरोबर कसं द्यायचं? दुसरा वाद शिक्षकांचा. अनेक शिक्षक ही भाषा बोलतात, पण शिकवायला त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यासाठी आता ओपन युनिव्हर्सिटीचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. तिसरा वाद पालकांचा. अजूनही काही पालक म्हणतात, पोराला नोकरीची इंग्रजी शिकवा, हे गावठी कशाला?

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जानेवारीत चौकडीचा स्कर्ट, हॅगिस आणि पाठ केलेली कविता, आणि फेब्रुवारीत सगळं पेटीत बंद. पट्टा नाही, पण वर्षभराचं मौन तेच. मुलाला यातून कळतं की ही भाषा नाटकातल्या पोशाखासारखी आहे, ठरलेल्या दिवशी घालायची. ज्या शाळांत हवामानाच्या तक्त्यावर, खेळाच्या मैदानावर, मुलाच्या स्वतःच्या लिखाणात ती भाषा मार्चमध्येही दिसते, तिथे जानेवारीच्या सणाला अर्थ येतो.

शेवटी

मंडळी, हे सगळं मी तुम्हाला का सांगितलं? आपल्यालाही असाच एक दिवस आहे. सत्तावीस फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्यांचा कवी, आपला कवी. दोन्ही दिवसांत जेमतेम महिन्याचं अंतर. आपला दिवसही कवितेचा, फेट्यांचा, नऊवारीचा. त्याचा आनंद मी कमी लेखत नाही. मी स्वतः बदलीच्या ठिकाणी, मराठी जवान आणि त्यांच्या कुटुंबांसोबत, तो साजरा केला आहे.

तुमच्यापैकी पुष्कळ जण महाराष्ट्राबाहेर राहता. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, तंजावर. तुमच्या घरची मराठी पुण्याच्या पुस्तकातली नसेल. तिच्यात हिंदी, गुजराती, कानडी, तमिळ मिसळलेली असेल. कुणी पाहुणा आला की तिला हसत असेल आणि मूल गप्प बसत असेल. त्या गप्प बसण्याकडे लक्ष द्या. ॲबर्डीनच्या आजोबांना पट्टा लागला होता, आपल्या मुलाला नुसतं हसणंही पुरतं.

आम्ही परत निघालो त्या आधीच्या आठवड्यात नातीची कविता झाली. तिला बक्षीस मिळालं नाही, मधली एक ओळ ती विसरली. घरी येऊन ती आधी शेजारी गेली. आजोबांनी तिला काय सांगितलं ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले होते, "विसरलीस तर विसरलीस. आता ती ओळ आमच्या पद्धतीनं म्हण." आणि तिनं ती 'फ' लावून म्हटली.

त्यानंतर तिनं मला विचारलं, "आबा, तुमच्या आजीचा एखादा शब्द सांगा ना, जो आई कधी म्हणत नाही." मी आठवून सांगितला, 'वळचण', छपराची भिंतीबाहेर आलेली कड, जिथून पागोळ्या गळतात. लेकीलाही तो नव्हता माहीत. नातीनं वहीत लिहून घेतला.

तुमच्या घरातही असा एक शब्द असेल. आज रात्री जेवताना तो एखाद्या लहान पोराला द्या. सत्तावीस फेब्रुवारीची वाट पाहू नका.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या किल्ल्यांकडे वळू. जय हिंद.